उन्हाचा वाटा

दिवाळी अंकात दारूवर लिहितोय म्हटल्यावर आमच्या मंडळींनी करंजी लाटता लाटता हात थांबवला.

"जल्म इमानानं घालवला, आन् आता लिवायला ह्येच सापडलं व्हय?"

"जन्म त्यातच तर गेला," मी म्हटलं.

"मंग येवडं तरी लिवा, की ती कपाटावरची बाटली तुमी इकत आनलेली न्हाय."

लिहितो. आमच्या कपाटावर जी बाटली आहे ती मी विकत आणलेली नाही. आणूच शकलो नसतो. तिच्या किमतीत आमच्या पणदऱ्यात चांगली दुभती गाय दावणीला येईल, आणि गाय निदान दूध तरी देते. ही बाटली नुसती उभी आहे आणि उभ्या उभ्या महाग होतेय, असं पुण्याचे शौकीन लोक मला फोन करून सांगतात. "मिस्त्री, विकणार का?" म्हणून विचारतात. मी नाही म्हणतो. का नाही म्हणतो, ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून इथं सांगतो.

मी पिंपांचा मिस्त्री. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की उसाच्या फडांमागं एक लांबलचक, बसकं गोदाम दिसतं. त्याच्या भिंती काळ्याकुट्ट आहेत. जवळच्या कडुनिंबांची खोडंही काळी आहेत. नवखा माणूस विचारतोच, "इथं आग लागली होती का?" आग कधी लागली नाही. आत शेकडो लाकडी पिंपांमध्ये व्हिस्की मुरत पडलेली असते, तिची वाफ लाकडातून झिरपून बाहेर येते आणि त्या वाफेवर जगणारी एक काळी बुरशी असते. आम्ही तिला काजळी म्हणायचो. तिला खायला-प्यायला दुसरं काही लागत नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला त्या भिंतींची भीती वाटायची. पुढं सवय झाली, आणि आता पुन्हा वाटते.

माझे वडील बैलगाड्या करायचे. माळेगावच्या साखर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या किती तरी गाड्यांची चाकं आमच्या अंगणात बसली. लोखंडी धाव लालभडक तापवायची, लाकडी चाकावर चढवायची आणि वरून भडाभडा पाणी ओतायचं. धाव आवळते आणि चाक जन्माचं जखडलं जातं. मी ते शिकलो आणि नेमके तेव्हाच ट्रॅक्टर आले. हाताला काम नव्हतं. कुणीतरी सांगितलं, इंदापूर रस्त्याला दारूच्या कारखान्यात सुतार हवाय. तिथल्या मोठ्या साहेबांनी परदेशातून आलेलं एक मोडकं पिंप माझ्यापुढं टाकलं आणि विचारलं, "जमेल का?"

मी म्हटलं, "चाकच आहे की साहेब, पोट सुटलेलं."

साहेब हसले आणि मी चिकटलो.

आता ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडची बरीचशी दारू मळीची, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाची. सिंगल माल्टचं तसं नाही. जव भिजवायचे, मटकीसारखे मोड आणायचे, ते वाळवून, भरडून, आंबवून तांब्याच्या भट्टीत उतरवायचे, आणि सगळा माल एकाच कारखान्यातला. भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी पांढरी आणि जिभेला चटका देणारी असते. तिला रंग, वास, गोडवा जे काही मिळतं ते पिंपाकडून. आतून जाळलेल्या ओक लाकडाच्या पिंपात ती वर्षानुवर्षं पडून राहते. उन्हात लाकूड तिला पिऊन घेतं, गारव्यात परत सोडतं.

आणि या घेण्या-सोडण्यात थोडी उडून जाते. थंड मुलखात जरा जरा, आपल्या उन्हात भसाभसा. म्हणून जुनी बाटली महाग. एक तर गेलेली वर्षं कुणाला विकत आणता येत नाहीत, आणि दुसरं, जितकी जुनी तितकी पिंपात कमी उरलेली. शौकिनांची संख्या मात्र वाढतच चाललीय. पूर्वी पाहुण्याला म्हणून एखादी बाटली घेणारे लोक आता सोन्यासारखी घेऊन ठेवतात. बारामतीच्या एका बागायतदाराने माझ्यासमोर जुन्यातली जुनी बाटली फोडून तिच्यात लाल सरबत ओतलं होतं, तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, त्या सगळ्या शौकिनांत तो एकटाच प्यायला तरी.

उडून जाणाऱ्या या भागाला तिकडच्या देशात देवदूतांचा वाटा म्हणतात म्हणे. आमच्या हमालांनी त्याला म्हसोबाचा वाटा म्हणून टाकलं, कारण कुंपणापलीकडं बांधावर म्हसोबा आहे आणि देवदूत त्यांनी कुणी पाहिलेला नव्हता. सुदाम दोन्ही नावांना हसायचा. तो म्हणायचा, "उन्हाचा वाटा हाय त्यो. उगं देवाला कशाला बदनाम करताय?"

सुदाम हा आमचा गोदामपाल. जळोचीचा. पंचशील घेतलेला आणि पाळणारा बौद्ध माणूस, थेंबाला कधी शिवला नाही, म्हणून मोठ्या साहेबांनी सगळ्या गोदामाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला अडकवल्या. भूत, देव, नवस, दृष्ट यांतलं काहीही तो मानायचा नाही. हमाल अमावास्येला दाराशी लिंबू ठेवायचे. सुदाम तो उचलून, धुऊन डब्यातल्या कांद्यावर पिळून खायचा. वर मलाही द्यायचा. मी घाबरत घाबरत खायचो.

आमच्या दोघांचं एक काम जोडीचं होतं. पिंप धड आहे का ते बघायचं. पिंपांच्या रांगा भिंतीला लागून, आणि मागं एक माणूस तिरका उभा राहील एवढीच बोळ. मी पुढून लाकडी हातोडीनं ठोका द्यायचा. सुदामनं मागं, भिंतीला पाठ टेकून, पिंपाला कान लावायचा. पिंप धड असेल तर ठोका आतल्या मालातून सरळ पलीकडं जातो. कुठं फळी सुटली असेल, धाव ढिली झाली असेल, तर वाटेतच विरतो. मी त्याला दिसायचो नाही, तो मला दिसायचा नाही. म्हणून मी ठोका दिला की ओरडायचो, "पोचला का?"

पलीकडून आवाज यायचा, "पोचला."

हमालांनी याचाही देव केला. त्यांना वाटायचं, मिस्त्री विचारतोय वाटा पोचला का, आणि सुदामराव म्हसोबाच्या वतीनं सांगतोय पोचला. नवीन आलेला हमाल तर हे ऐकून हातच जोडायचा. सुदाम वैतागायचा. "आरं, ठोका पोचला! ठोका!" पण कुणी ऐकून घेतलं नाही. एखाद्या पिंपाला तो "न्हाय" म्हणाला की हमालांचे चेहरे पडायचे, आणि मी मुकाट्यानं ते पिंप दुरुस्तीला बाहेर काढायचो.

गोदामात भर दुपारी कुणी जात नसे. नियमाच्या कागदावर कारण वाफेचं होतं. उन्हानं आत वाफ दाटते, डोकं गरगरतं, आणि एखादी ठिणगी पडली तर सगळंच संपलं. पण हमाल म्हणायचे, दुपारी पिंपं बोलतात. ते खोटं नव्हतं. पत्रा तापला की लाकूड फुगतं, धावा कुरकुरतात, बुचांपाशी सुस्कारे सुटतात. दाराशी डबा खात बसलं की आतून सगळा वेळ टकटक, कुरकुर, हुस्स चाललेलं असायचं. मान वळवून बघू नये असं वाटायचं. सुदाम भाकरी मोडत म्हणायचा, "ऊन वाटा न्हेतंय. जेव गुमान."

आता त्या पिंपाविषयी. आमच्याकडं पिंपं परदेशातून यायची, मी फक्त दुरुस्त करायचो. एकदा मोडक्या पिंपांच्या चांगल्या फळ्या निवडून मी माझं स्वतःचं एक पिंप उभं केलं. फळ्यांच्या सांध्यांत पाझर राहू नये म्हणून एका पाणवनस्पतीची वाळलेली पात घालतात. ती मी उजनी धरणाच्या पाणफुगवट्यातून आणली, पाणकणसाची. सुदाम कंबरभर पाण्यात उतरला होता कापायला. धावा मी वडिलांच्या पद्धतीनं तापवून चढवल्या. मोठ्या साहेबांनी ते पिंप पाहिलं, भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे भरा. आणि हे विकायचं नाही. चांगलं म्हातारं होऊ द्या. उघडायचं तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून उघडायचं."

सुदाम म्हणाला, "साहेब, मी तर पीत न्हाय."

"मग कान लाव," साहेब म्हणाले.

माझ्या हातून जन्मात घडलेली ही एकच वस्तू, जिच्यावर आम्हा दोघांशिवाय तिसऱ्या कुणाचा हात नव्हता. दोघांनी मिळून ती उघडायची, एवढी एकच इच्छा मी नोकरीत धरली. वर्षं गेली. मोठे साहेब गेले. मी निवृत्त झालो. आणि एक दिवस जळोचीहून निरोप आला, सुदाम गेला. झोपेत गेला. आदल्या दिवशी माझ्याशी फोनवर बोलला होता. "मिस्त्री, आपलं प्वार उघडायचं कदी?" असं विचारत होता. आमच्या पिंपाला तो प्वारच म्हणायचा. मी म्हटलं होतं, बघू या की, घाई काय आहे. मातीला गेलो तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यातून जाता जाईना. मी रडलो. लोकांसमोर रडलो.

त्यानंतर काही कामानं गोदामात गेलो असताना आमच्या पिंपामागच्या बोळात सहज शिरलो. आतली सगळी भिंत काजळीनं काळी झालेली. फक्त सुदाम जिथं पाठ टेकून उभा राहायचा तिथं, खांद्यापासून कमरेपर्यंत, चुना स्वच्छ राहिलेला. त्यात नवल नाही, माणूस वर्षानुवर्षं घासला की काजळी धरत नाही. नवल पुढं होतं. वर्षभरानं गेलो, तरी ती जागा तशीच. त्याच्या पुढच्या वर्षीही तशीच. काजळी त्या जागेच्या कडेपर्यंत येऊन थांबलेली. मी बोट लावून पाहिलं. भिंत कोमट होती. ऊन होतं, सगळ्याच भिंती कोमट होत्या, असं मी स्वतःला सांगितलं आणि बाहेर आलो.

तेवढ्यात भाव चढले. असे चढले की आमच्या गोदामातल्या जुन्या पिंपांकडं लोक विहिरीकडं बघावं तसे वाकून वाकून बघायला लागले. कारभार आता धाकट्या साहेबांकडं होता. माणूस वाईट नाही, स्कॉटलंडला शिकून आलेला, मला मिस्त्रीकाका म्हणतो. पण हिशेब त्याला झोपू देईना. "काका, आपण दरसाल आभाळाला पाजतोय," तो म्हणायचा. "आणि आभाळ पैसे देत नाही." त्याने गोदामाचे झरोके बंद करून घेतले. आणि सर्वांत जुनी पिंपं त्याने पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळली, कापलेलं कलिंगड गुंडाळतात तशी. आमचंही. वाटा बंद.

हमालांनी मला घरी येऊन सांगितलं. त्यातला एक जुना, पांडूतात्या, दारातच उभा राहिला. आत येईना.

"मिस्त्री, पिंपं बोलायची थांबली."

"बरंच झालं की," मी म्हटलं.

"बरं कशानं? आवो, पयलं आवाज यायचा तवा भ्या वाटायचं. आता येत न्हाय तर बसवत न्हाय. आमी डबा घिऊन रोडला जातो."

मग एक दिवस धाकट्या साहेबांचा फोन आला. आमचं पिंप विकलं गेलं होतं. पुण्याच्या एका डॉक्टरबाईंनी अख्खं घेतलं होतं, त्या स्वतः समोर उघडून घेणार होत्या, आणि उघडायला पिंप करणारा मिस्त्री हजर असावा अशी त्यांची अट होती. "मोठे साहेब म्हणाले होते विकायचं नाही," मी म्हटलं. साहेब म्हणाले, "काका, तेव्हा याला किंमत नव्हती."

मला संताप आला. पण नाही म्हणून काय झालं असतं? दुसऱ्या कुणीतरी बुचावर हातोडी घातली असती. निदान आम्हा दोघांतला एक तरी तिथं असावा म्हणून गेलो.

बाई सकाळी यायच्या होत्या. वाटेत भिगवणपाशी गाडी पंक्चर झाली आणि पोचेपर्यंत टळटळीत दुपार झाली. साहेबांनी दार उघडायला लावलं. नियम आहे म्हणून मी आठवण दिली. ते म्हणाले, आता वाफच होत नाही काका, सगळं बंद आहे. बाई कचेरीत पाणी पीत होत्या. मी म्हटलं, तुम्ही त्यांना घेऊन या, तोवर मी ठोका देऊन बघतो.

आत एकटा गेलो. पांडूतात्या म्हणाला होता ते खरं होतं. टकटक नाही, कुरकुर नाही, सुस्कारा नाही. वासही नाही. ज्या वासात माझा जन्म गेला तो वास तिथून नाहीसा झाला होता. प्लास्टिकमधली पिंपं एका रांगेत उभी होती आणि त्यांच्यावर आतून दव धरलेलं. मी आमच्या पिंपापाशी गेलो, प्लास्टिकवरूनच हात फिरवला आणि हातोडीनं ठोका दिला. जुन्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "पोचला का?"

"न्हाय."

आवाज पिंपामागून आला. मोठा नाही. जवळचा. जसा रोज यायचा तसा.

हातोडी धरलेली मूठ उघडेना. कुणीतरी हमाल असेल, चेष्टा करत असेल, असं मी मनात घोकलं आणि पुन्हा ठोका दिला. यावेळी मी काही विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

"न्हाय मिस्त्री."

मी बोळात डोकावलो. कुणी नव्हतं. काळी भिंत, आणि तिच्यात ती पांढरी जागा, खांद्यापासून कमरेपर्यंत. मला मिस्त्री म्हणणारे खूप आहेत. पण 'न्हाय'नंतर ज्या ठेक्यात तो मिस्त्री म्हणायचा, तो ठेका त्याचाच.

मला भीती वाटली हे खरं. पण त्याहून जास्त मला वाटलं, हा अजून इथंच उभा आहे. कान लावून. आणि ह्याला काहीच पोचत नाहीये.

दारात साहेब आणि बाई आल्या होत्या. बाई सत्तरीच्या, बारीक चणीच्या, पांढरे केस कापलेले. मी म्हटलं, "साहेब, आज उघडायचं नाही."

"का? गळतंय का?"

"गळत नाही. पिंप न्हाय म्हणतंय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "काका, बंद गोदामात वाफ साठून कानात आवाज येतात. तुम्ही बाहेर या, पाणी प्या." त्यांचं चुकलं असं मी अजूनही म्हणत नाही. तसंही असेल. पण बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "पिंप म्हणालं, की कुणी माणूस म्हणाला?"

"माणूस," मी म्हटलं. "माझा सोबती. गेलाय तो."

मग मला सगळं सांगावं लागलं. पाणकणीस, मोठ्या साहेबांचा शब्द, ठोका, पोचला, झरोके, प्लास्टिक. बाई ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी भूल देणारी डॉक्टर. जन्मभर लोकांना वाफच हुंगायला दिली. माणूस शुद्धीवर येत नसेल तर खिडकी उघडायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. उघडा ना झरोके."

"मॅडम, मग वाटा जाणार," साहेब म्हणाले. "हा उन्हाळा सगळा गेला तर तुमचा बराच माल उडेल."

"माल माझा आहे ना? मग वाटाही मीच देते." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमचा मित्र हो म्हणेपर्यंत थांबते मी. शौक म्हणजे तरी काय हो, थांबणंच की."

त्या दिवशी मी माझ्या हातानं ते प्लास्टिक कापलं. आत धावांना घाम फुटला होता, गंजाचे ओघळ फळ्यांवर उतरले होते. मी ते पुसले. बाकीच्या पिंपांचं प्लास्टिक साहेबांनी तसंच ठेवलं, पण झरोके मात्र उघडले. बाहेर पडताना मागं पहिली कुरकुर ऐकू आली. पांडूतात्यानं हात जोडले. मी त्याला अडवलं नाही.

अख्खा उन्हाळा गेला. पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं, आणि बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी बोलावल्याप्रमाणे मी सकाळीच पोचलो. ठोका कसा देतात ते मी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मागं मी उभी राहू?"

"जागा अडचणीची आहे, बाई."

"मी बारीक आहे."

त्या बोळात शिरल्या. मी त्यांना दिसेनासा झालो, त्या मला. मी ठोका दिला. "पोचला का?"

काहीच आवाज नाही. मी वाट पाहिली. आयुष्यात कुठल्याही उत्तराची मी इतकी वाट पाहिली नसेल. सुदामनं काहीतरी म्हणावं, होय म्हणावं, नाही म्हणावं, शिवी द्यावी. काही नाही. मग पलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी हलका, पुणेरी.

"पोचला."

मी बूच काढलं. पिंपात निम्म्याहून कमी उरलं होतं, पण जे होतं ते असं होतं की साहेबांनी नाकाशी पेला नेला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. बाईंनी चाखली. मला विचारलं, मी जिभेला लावली. चव कशी होती ते मला सांगता येत नाही. मला त्यात पाणकणसाचा ओला वास आला आणि डोळे भरून आले.

निघताना मी बोळात डोकावलो. पांढऱ्या जागेवर काजळी धरली होती. कडेकडेनं आत आत येऊन पार मिटली होती. आता ती भिंत सगळीकडं सारखी काळी आहे. कुणाला सांगूनही कळणार नाही की तिथं कुणी उभं राहायचं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी येताना एसटीत मनात एकच होतं, की त्याचा वाटा त्याला पोचवला आणि तेवढ्यापायी त्याला घालवून बसलो. ज्यानं भूत कधी मानलं नाही तो भूत होऊन येईलच कसा, असं मी स्वतःला समजावत होतो. आणि आला असेल, तर माझ्यासाठी मोडलं असेल ना त्यानं आपलं जन्माचं बोलणं?

धाकटे साहेब मात्र खूश आहेत. ही गोष्ट शौकिनांत पसरली आणि भाव आणखी चढला. माझा सोबती मेल्यावर महाग झाला. बाईंनी त्यांच्या मालातली एक बाटली मला आणून दिली. तीच ही, कपाटावरची.

आता धंद्यातलं एक शेवटचं. बाटलीत व्हिस्की म्हातारी होत नाही. काचेतून काही आत जात नाही, काही बाहेर येत नाही. वाटा कुणालाच मिळत नाही. म्हणून तिची किंमत टिकते. म्हणून ज्याला ती विकायची आहे त्यानं तिचं बूच घट्ट ठेवावं, लाखेनं बंद करावं.

मी ते सैल करून ठेवलंय.

पातळी हळूहळू उतरतेय. भर दुपारी खोलीत गेलं की वास येतो, आमच्या गोदामाचा. ती आता कुणाला विकता येणार नाही, म्हणून मी फोनवर नाही म्हणतो. बायकोला हे ठाऊक नव्हतं.

परवा दिवाळीची झाडलोट करताना तिनं कपाट पुढं ओढलं आणि मला हाक मारली. मागच्या भिंतीला काजळी धरली होती. मी म्हटलं, ओल असेल. ती म्हणाली, ओल न्हाय ही, आन् येवडी काळी कशी? तिनं पदर खोचला, फडकं ओलं केलं, आणि भिंतीपाशी जाऊन थबकली. फडकं हातातच राहिलं.

"आवो," ती म्हणाली, "ह्ये मदी पांढरं कसं ऱ्हायलं? कुनाची पाठ टेकलीय?"